आठ महिने, चार कथा

ज्यांना फार मानत होतो त्यांचा दुटप्पीपणा उघडा पडला आणि माझी रोजची प्रार्थना बंद पडली. तेव्हा एका मित्राने नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राऊन' वाचायला दिली. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून याच विषयावरच्या चार कथा आलटून पालटून वाचतोय. पहिल्या वाचनाचं मत आता फारसं उरलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हॉथॉर्नची कथा १८३५ची. अमेरिकेतल्या सेलम गावचा ब्राऊन, लग्नाला तीन महिने झालेले, बायकोचा निरोप घेऊन रात्री रानात जातो. बायकोचं नाव फेथ, म्हणजे श्रद्धा. मराठीत हा श्लेष आयता उतरतो, कारण श्रद्धा हे आपल्या भाषेतही बाईचं नाव आहे. रानात त्याला लहानपणी धर्माचे धडे देणारी म्हातारी, गावचे पाद्री, सगळे सैतानाच्या मेळ्याला निघालेले दिसतात. मग वरून काहीतरी भिरभिरत येतं आणि फांदीला अडकतं. हातात घेतो तर बायकोच्या टोपीची गुलाबी रिबीन! माझी श्रद्धा गेली, असा तो टाहो फोडतो. त्या एका वाक्यात बायकोही जाते आणि देवही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे ब्राऊनच्या बाजूचा होतो. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की हा स्वतःही त्याच मेळ्याला, आधी ठरवून, निघाला होता. इतरांचा हिशोब तो आयुष्यभर मांडतो, त्यात स्वतःला कधीच धरत नाही. ते सगळं स्वप्न होतं का, हे हॉथॉर्न सांगत नाही. पण सकाळी गावात परतल्यावर आनंदाने धावत आलेल्या बायकोशी ब्राऊन एक शब्दही बोलत नाही, हे मात्र स्वच्छ सांगतो. १६९२ साली याच सेलममध्ये चेटकाच्या संशयावरून १९ जणांना फाशी झाली. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश हॉथॉर्नचा पूर्वज होता. हे कळल्यावर मला कथेतलं खरं पाप ब्राऊनच्या संशयातच दिसायला लागलं. मीही कित्येक महिने प्रत्येक सज्जन माणसाकडे त्याच नजरेने बघत होतो.

मोपासांच्या 'बूल द स्विफ'बद्दल (१८८०) थोडक्यात: आपली वाट मोकळी व्हावी म्हणून बरोबरच्या वेश्येला शत्रूच्या अधिकाऱ्याकडे जायला भाग पाडणाऱ्या घोडागाडीतल्या प्रवाशांचा दुटप्पीपणा पहिल्याच वाचनात पुरता कळतो, पुढे फारसं हाती लागत नाही. तरी म्हातारी नन हेतू शुद्ध असला की कृत्य क्षम्य ठरतं असं पटवते, ती जागा दर वेळी अंगावर येते. कारण ती खोटं बोलत नसते, तिचा त्यावर विश्वास असतो.

टॉलस्टॉयची 'फादर सर्गियस' त्याच्या मृत्यूनंतर, १९११ मध्ये छापली गेली. मोह टाळायला साधू कुऱ्हाडीने स्वतःचं बोट तोडतो, हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मनात मात्र त्याच्या लहानपणच्या ओळखीतली पाशेन्का राहिली: संगीताच्या शिकवण्या करून घर ओढणारी, चर्चला जायलाही धड सवड नसलेली. आपण देवाचं नाव घेत लोकांसाठी जगलो आणि ही लोकांसाठी जगतेय असं समजत देवासाठी जगली, हे सर्गियसला तिला भेटल्यावर उमगतं. त्यानंतरचा सैबेरियापर्यंतचा शेवट फार घाईत उरकलाय, ही माझी एकच तक्रार.

चौथी मिगेल दे उनामुनोची 'सान मान्वेल ब्वेनो, मार्तिर' (१९३१), खरं तर दीर्घकथा. डॉन मान्वेल हा गावाचा लाडका पाद्री. सगळं गाव एका सुरात श्रद्धेची कबुली म्हणतं, आणि मरणोत्तर जीवनाची ओळ आली की त्याचा आवाज थांबतो. लोकांच्या गजरात ते कळत नाही. त्याला स्वतःला विश्वास नाही, पण गावाचा तुटू नये म्हणून तो ते मरेपर्यंत लपवतो. याला ढोंग म्हणायचं का? सुरुवातीला मी तावातावाने हो म्हणत होतो. आता तो शब्द वापरायला जीभ रेटत नाही.

गेल्या आठवड्यात ते पान मित्राला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या ओळीशी माझाही आवाज अडला. मित्राने पुढची ओळ वाचली, मग मी त्याच्या मागोमाग.