‘क्रॅनफर्ड’ आधी वाचावी की ‘बार्चेस्टर टॉवर्स’?

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडच्या गावांत मोठेपणाचा तोरा कसा मिरवला जाई, यावरचं विनोदी काहीतरी वाचायचं असेल, तर या दोन इंग्रजी कादंबऱ्यांची नावं हमखास पुढे येतात. माझ्या मते सुरुवात एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘क्रॅनफर्ड’ने करावी.

डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात ती १८५१ ते १८५३ या काळात आली. चेशर परगण्यातलं नट्सफर्ड, जिथे गॅस्केल लहानाची मोठी झाली, तेच कादंबरीतलं क्रॅनफर्ड गाव. इथे राज्य बायकांचं, बहुतेक विधवा किंवा अविवाहित. घराणं मोठं, पैसा बेताचा. पण पैशाचा विषय काढायचा नाही. मिसेस फॉरेस्टर सकाळभर खपून केक करते आणि संध्याकाळी चहाबरोबर ते समोर आले की, आज काय केलंय याची आपल्याला कल्पनाच नाही, असा चेहरा करून बसते. खरं काय ते पाहुण्यांना ठाऊक, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक! मिस मॅटी दोन मेणबत्त्या आळीपाळीने जाळते. दोन्ही सारख्याच उंचीच्या राहिल्या की रोज दोन जळतात असं दिसतं.

पुढे बँक बुडते आणि मॅटीला चहा विकायची वेळ येते. तेव्हा याच बायका, स्वतःची ओढाताण असताना, तिच्यासाठी गुपचूप पैसे काढून देतात. इथे वाचताना घसा दाटतो, म्हणून मला हे पुस्तक इतकं प्रिय आहे.

अँथनी ट्रोलपची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ (१८५७) जास्त धारदार आहे, पण तिचा बराचसा भाग चर्चमधल्या राजकारणाचा. बिशपच्या बायकोचे डावपेच वाचायला मजा येते. तरी गाव आणि वर्गभेद हाच तुमचा विषय असेल, तर ५३ प्रकरणांत थोडा धीर धरावा लागेल. त्याचं फळ म्हणजे अलथॉर्न या जमीनदारी वाड्यावरची मेजवानी. यजमानीण मिस थॉर्नने बड्यांना हिरवळीवर आणि कुळांना पलीकडच्या कुरणात बसवायचं ठरवलेलं. एका कुळाची बायको, मिसेस लुकअलॉफ्ट, मुलींना घेऊन थेट दिवाणखान्यात शिरते. तिच्याच बरोबरीची मिसेस ग्रीनेकर सांगितल्या जागी बसून चरफडते. वरच्यांचं वरचढपण तिला खुपत नाही, बरोबरीची वर चढली हे खुपतं. ट्रोलपची ही नजर मला ‘क्रॅनफर्ड’मध्येही सापडत नाही.

ट्रोलपच घ्यायचा ठरवलात, तर आधी त्याची छोटी ‘द वॉर्डन’ (१८५५) वाचा, कारण तिथला वाद इथे पुढे चालू राहतो. ‘क्रॅनफर्ड’च्या आधी मात्र काहीच वाचावं लागत नाही, १६ छोटी प्रकरणं आहेत. सगळी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत मिळतात.