डब्यातला कूलर, फोंड्याचा मे महिना आणि ८५ अंश

एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरच्या डब्यात त्याला थंड ठेवणारा जो छोटा कूलर येतो त्याचं नाव रेथ स्टेल्थ. नाव भारदस्त, वस्तू अगदी साधी: अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा बसका गोळा आणि त्यावर एक फॅन. तांब्याचा गाभा नाही, उष्णता वाहून नेणारा हीट पाइप नाही. फुकट येतो म्हणून असेल, पण मशीन जोडायला बसलं की कुणीतरी म्हणतंच, ‘तो आधी काढून टाक.’ मी ठेवला. गोव्यात फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात होणाऱ्या नाटकांची चित्रीकरणं एडिट करणं हा माझा धंदा, खोलीत एसी नाही, आणि दोन-अडीच तासांचं नाटक रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करायला, लावलं की प्रोसेसरला उसंत नसते. एवढ्या कामाला हा कूलर पुरतो. गोंधळ होतो तो आकडे वाचताना.

माझा भाचा पुण्याला असतो. त्याच्याकडे हाच प्रोसेसर, हाच कूलर. जानेवारीत त्याने फोटो पाठवला, सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी दहा मिनिटं चालवून ७२ अंश. माझ्याकडे मे महिन्यात तेच ८५. लगेच फोन: ‘मामा, पेस्ट बदल.’ प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती. म्हटलं, तुझ्या खोलीत किती होतं? २०. माझ्याकडे भिंतीवरचा थर्मामीटर ३२ दाखवत होता. आता वजा करा. त्याचे ५२, माझे ५३. म्हणजे दोन्ही कूलर सारखंच काम करताहेत. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही. खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. गोव्यातल्या माणसाने थंड गावातले आकडे बघून झोप उडवून घेऊ नये.

‘सत्तरच्या वर गेलं की जळतो’ हेही इथल्या एका दुरुस्तीवाल्याने ठणकावून सांगितलं होतं. ५६०० ची कमाल मर्यादा एएमडीनेच ९० अंश दिली आहे. ५६०० एक्स आणि ५६०० जी यांची ९५, आणि इंटेलच्या आय ५ १२४०० ची १००. तेव्हा ‘८५ जास्त आहे का’ हा प्रश्न प्रोसेसरचं नाव घेतल्याशिवाय विचारायचाच नाही. मर्यादेला टेकला तरी तो जळत नाही, आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. म्हणून मी एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमानाच्या जोडीला क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा चालू वेगही बघतो. पूर्ण लोडवर क्लॉक टिकून असेल तर ८५ ला घाबरण्यासारखं काही नाही. क्लॉक ढासळत असेल तर मात्र खोलून बघा.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतात ते रिकामं बसलेलं असतानाचे आकडे. मशीन नुसतं चालू, ४४-४५. ब्राउझर उघडला की टुणकन ५८, पुन्हा खाली. यात बिघाड नाही. एक कोअर क्षणभर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, चिप नखाएवढी, सगळी उष्णता तेवढ्याच जागी. कूलरच्या पात्यांना त्याची खबरही नसते. पण फॅन मात्र त्या उडीमागे धावतो आणि दिवसभर घूं-घूं करत वरखाली होतो. बायकोला रेंडरचा सलग आवाज चालतो, हा चढउतार चालत नाही, आणि तिचं बरोबर आहे. उपाय फुकटचा: बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ६० अंशांपर्यंत फॅनचा वेग एकाच पातळीवर ठेवायचा, चढण त्यानंतर. घर शांत झालं.

पूर्ण वेगात आवाज येतोच, ते मान्य करून घ्यायचं. फॅन लहान आहे. मे महिन्यात रात्रीचं रेंडर असेल तर मी ४५ वॉटचा ईको मोड, म्हणजे प्रोसेसरची वीज कमी करणारी सोय, लावतो. दहाएक अंश उतरतात, काम थोडं लांबतं. रात्री कुणाला घाई आहे?

कूलर नीट बसलाय की नाही हे तापमान कसं चढतं त्यावरून कळतं. लोड देताच दोन-तीन सेकंदांत ८८ झालं तर पेस्टचा किंवा स्क्रूचा घोळ समजा. मिनिटामिनिटाने चढत जाऊन एका जागी थांबलं तर बसवणूक ठीक. स्प्रिंगवाले चार स्क्रू आहेत; समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. काढताना जास्त जपा. एएम ४ मध्ये, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटच्या प्रकारात, पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आणते. आधी मशीन दहा मिनिटं राबवून गरम करा, बंद करा, वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

चौकशी कूलरच्या बाहेरही करायला हवी. माझ्या कॅबिनेटचं पुढचं तोंड काचेचं, मुलाने हौसेने निवडलेलं. बाजूचा पत्रा काढला की त्याच लोडवर सहा अंश उतरतात. म्हणजे ते सहा अंश कॅबिनेटच्या खात्यावर. उरलेला दोष आमच्या चिऱ्याच्या लाल धुळीचा. पावसाळ्यातल्या दमट हवेने कूलिंग फारसं बिघडत नाही, पण धूळ ओली होऊन पात्यांच्या फटींत लेपासारखी बसते, नुसती फुंकर पुरत नाही. चवथीच्या साफसफाईत मी रंगाच्या कोरड्या ब्रशने ती काढतो, फॅन बोटाने अडवून.

ऑफिसकाम, गेम, माझ्यासारखं एडिटिंग, एवढ्यासाठी ५६०० घेत असाल तर वेगळ्या कूलरचे पैसे आधी रॅममध्ये घाला. ५७०० एक्स वर डोळा असेल तर हिशेब वेगळा, त्याच्या डब्यात कूलर येतच नाही.