दहनासाठी शवपेटी निवडताना: चार पेट्या आणि एक कलश

शेवटच्या आजारपणात बाबांनी आपल्या अंत्यविधीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या: दहनच करायचे आणि जवळच्या माणसांना अंत्यदर्शनासाठी निवांत वेळ मिळाला पाहिजे. त्यामुळे शवपेट्या पाहण्याचे काम ते हयात असतानाच, त्यांच्याशी बोलून मला करता आले. अंत्यसंस्कार सेवेच्या दालनात काय पाहिले, त्यातले काय वापरले आणि माझे कुठे चुकले, हे अशा निवडीची वेळ आलेल्या कुणालाही उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

दालनात शिरताच समोर अक्रोड आणि मॅहोगनीच्या चकाकणाऱ्या पेट्या मांडलेल्या होत्या. दहनासाठीची सर्वांत साधी पेटी दाखवा म्हटल्यावर तेथील गृहस्थांनी ‘दहनालाही लाकडी शवपेटी लागतेच’ असे सांगितले. ही माहिती चुकीची होती. बहुतेक दाहिन्यांना हवे असते ते एवढेच की पेटी ताठ असावी, पूर्ण जळणारी असावी, तिच्यातून द्रव झिरपू नये आणि दाहिनीत सरकवताना तिचा तळ वाकू नये. जाड पुठ्ठा, दाबून तयार केलेला लाकडी बोर्ड किंवा पॉलिश न केलेले साधे लाकूड या अटी व्यवस्थित पूर्ण करते. अमेरिकेत १९८४ पासून लागू असलेल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार, थेट दहनासाठी, म्हणजे अंत्यदर्शनाशिवाय होणाऱ्या दहनासाठी, कायद्याने शवपेटी सक्तीची आहे असे ग्राहकाला सांगणेच निषिद्ध आहे. जी संस्था थेट दहनाची सेवा देते तिला अशी साधी पेटीही उपलब्ध करून द्यावी लागते. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असल्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता मी दाहिनी चालवणाऱ्यांनाच फोन केला, आणि पाच मिनिटांत खरी अट कळली.

पुठ्ठ्याच्या पेटीबद्दल माझ्याही मनात अढी होती. माणसाला खोक्यात ठेवायचे, ही कल्पनाच सहन होत नव्हती. प्रत्यक्षात तिचा तळ लाकडी फळीचा होता, आतून द्रवरोधक थर होता, झाकण नीट बसत होते आणि वरून कापड पांघरल्यावर पुठ्ठा दिसतही नव्हता. अंत्यदर्शन नसेल, देह थेट दाहिनीत न्यायचा असेल, तर याहून महाग काही घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. दाहिनीत तापमान सुमारे ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असते आणि प्रौढ देहाच्या दहनाला साधारण दीड ते तीन तास लागतात; पेटी कोणतीही असली तरी ती त्यात उरत नाही. एक मर्यादा मात्र आहे: खांद्यावरून दूरवर न्यायचे असेल किंवा पावसात थांबावे लागणार असेल, तर पुठ्ठ्याची पेटी आतून कशी मजबूत केली आहे हे आधी विचारून घ्यावे.

धातूच्या पेट्यांचा विचार दहनासाठी करूच नये. त्या जळत नाहीत आणि दाहिन्या त्या सहसा स्वीकारत नाहीत. भरीव लाकडाची पेटी चालते, पण तिची धातूची कडी, बिजागऱ्या, प्लास्टिकचे अस्तर आणि जाड वार्निश यांबद्दल आधी विचारावे लागते. पीव्हीसी या प्रकारचे प्लास्टिक जळताना विषारी वायू बाहेर पडतात, म्हणून अनेक ठिकाणी ते चालवून घेत नाहीत. पेटीच्या बाहेरच्या रुंदीची चौकशीही करावी, कारण दाहिनीचे दार ठरावीक मापाचे असते.

वेत, बांबू किंवा विलोच्या काड्यांनी विणलेली पेटी मला सर्वांत सुंदर वाटली. ती हलकी असते, कडेने फुले ओवता येतात, आणि तिच्याजवळ उभे राहताना मनावर दडपण येत नाही. विणीतून द्रव झिरपू शकतो, म्हणून आतला अस्तराचा थर तेवढा तपासून घ्यावा.

आम्ही निवडली ती भाड्याची शवपेटी. तिचा बाहेरचा सांगाडा उत्तम लाकडाचा असतो आणि आत पुठ्ठ्याची किंवा पातळ लाकडाची, स्वतंत्र अस्तर लावलेली पेटी बसवलेली असते. अंत्यदर्शन झाले की पायाकडची बाजू उघडून आतली पेटी देहासह बाहेर सरकवतात आणि तीच दाहिनीत जाते. इतरांनी वापरलेल्या पेटीत बाबांना ठेवायचे का, असा प्रश्न आत्याने काळजीने विचारला होता. आतली पेटी, अस्तर आणि उशी प्रत्येक वेळी नवी असते, देहाचा स्पर्श बाहेरच्या लाकडाला होत नाही, हे दाखवल्यावर तिचे समाधान झाले. बाबांचे म्हणणे आणखी साधे होते: ‘दोन तासांसाठी आख्खे झाड कशाला?’ अंत्यदर्शन आणि दहन दोन्ही हवे असलेल्या कुटुंबाला मी हाच पर्याय सुचवीन. देह दाहिनीत जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक असते: शरीरात पेसमेकर असेल तर तो काढावा लागतो, कारण त्याची बॅटरी उष्णतेने फुटते.

पेटीसाठी एवढी चौकशी करणारी मी अस्थिकलशाच्या बाबतीत मात्र चुकले. जळून जाणाऱ्या वस्तूचा मी आठवडाभर विचार केला आणि घरात राहणारी वस्तू केवळ नक्षी पाहून घेतली. दहनानंतर उरलेली हाडे बारीक दळून, धातूचे अंश वेगळे काढून रक्षा दिली जाते. तिचा आकार मुख्यतः अस्थींवर अवलंबून असतो. देहाच्या दर किलो वजनामागे सुमारे ३६ मिलिलिटर जागा धरावी, असा ढोबळ हिशेब आहे, आणि वजन आजारपणापूर्वीचे घ्यावे. बाबांचे वजन तेव्हा ७८ किलो होते, म्हणजे जवळजवळ २.८ लिटर जागा हवी होती. माझा पितळी कलश दोन लिटरचाही नव्हता. उरलेली रक्षा तात्पुरत्या डब्यात तशीच बंद ठेवावी लागली, आणि पुढचे चार दिवस त्या डब्याकडे पाहताना मला फार अपराधी वाटत होते.

नंतर आम्ही रुंद तोंडाचा, सव्वातीन लिटरचा लाकडी कलश घेतला. भावाला तो विमानाने न्यायचा होता, आणि धातूच्या किंवा दगडी कलशातून क्ष-किरण आरपार जात नसल्याने तपासणीत अडचण येऊ शकते; लाकडाची तशी अडचण आली नाही. कलश भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा असेल, तर त्याचे बाहेरचे माप घ्यावे. पाण्यात सोडायचा असेल, तर मिठाचा किंवा कागदाच्या लगद्याचा विरघळणारा कलश मिळतो.

रक्षेसोबत आम्हाला एक छोटी धातूची चकती मिळाली होती. तिच्यावरचा क्रमांक दहनापासून देहाबरोबर असतो. भावाने आणि मी तो क्रमांक कागदपत्रांवरच्या क्रमांकाशी दोनदा ताडून पाहिला, चकती रक्षेवर ठेवली आणि मग कलशाचे झाकण लावले.