फोन भिजला: तांदळाचा डबा, गल्लीतला कारागीर की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

वहिनीचा फोन जुलैच्या पावसात रिक्षात भिजला. माझा त्याआधी मे महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावर, एका लाटेत. दोघांनीही घरी येऊन तोच उपाय केला: तांदळाचा डबा. तिचा फोन आजही चालतोय, माझा दोन दिवस चालला आणि बंद पडला. घरात बरेच दिवस याचं श्रेय तिच्या आंबेमोहोराला आणि दोष माझ्या कोलमला दिला जात होता.

फरक पाण्यात होता. पावसाचं पाणी वाळलं की मागे फारसं काही उरत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ आतल्या सर्किट बोर्डावर बसतं, आणि बॅटरी जोडलेलीच असल्याने त्या खारट ओलीतून करंट वाहून धातू खाल्ला जातो. फोन उघडल्यावर कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड दिसते, ती हीच. चहा सांडला तर वर साखरेचा चिकटाही आला. त्यामुळे आत काय गेलंय, हे आधी बघा. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

तांदळाचा निकाल पटकन लावून टाकू. भात शिजताना तांदूळ पाणी पितो, पण डब्यातला कोरडा तांदूळ बंद फोनच्या पोटातलं पाणी ओढून घेत नाही. उलट डब्यात हवा खेळत नाही आणि चार्जिंगच्या भोकात कणी अडकते ती वेगळीच. ॲपलने तर आयफोनच्या सूचनांमध्येच तांदूळ वापरू नका असं लिहिलंय. त्यांची पद्धत साधी आहे: भोक खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटायचा, हवेशीर जागी ठेवायचा, निदान अर्धा तास चार्जर लावायचा नाही, पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. हेअर ड्रायर नको, कापसाची काडी नको. फोन जलरोधक असेल, पाणी साधं असेल आणि बाकी सगळं ठीक चालत असेल, तर एवढं पुरतं. वहिनीचा फोन खरं तर पंख्याखाली ठेवला असता तरी वाचलाच असता.

खारं पाणी, चहा, किंवा फोन आपोआप बंद-चालू होतोय, स्क्रीनवर डाग पडलेत? मग तो बंद करा, 'एकदा बघू तरी' म्हणून चालू करू नका, आणि त्याच दिवशी कोणाकडे तरी न्या. कोणाकडे, हे तुम्हाला फोन हवाय की फोनमधलं हवंय, त्यावर ठरतं.

सर्व्हिस सेंटर आधी सिमच्या खाचेत किंवा आत चिकटवलेली पांढरी पट्टी बघतं. पाणी लागलं की ती लाल होते, आणि पाण्याचं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. पुढे बहुतेकदा अख्खा बोर्ड बदलायचा सल्ला येतो. सुटे भाग अस्सल, पावती मिळते, पण खर्च कधीकधी इतका येतो की त्यात थोडी भर घालून नवा फोन घ्यावासा वाटतो. आणि बोर्डाबरोबर फोटोही जातात. आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये. मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावली, असं चालत नाही. जुना बोर्ड जिवंत झाला तरच आतलं हाती लागतं.

तो जिवंत करायचा प्रयत्न करतो गल्लीतला कारागीर. बॅटरी सोडवतो, बोर्डावरच्या चिपा झाकणारे पत्रे काढतो, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुतो, ध्वनिलहरींनी साफ करणारं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर त्यात टाकतो, मग शॉर्ट शोधतो. खर्च कमी, खात्री नाही. नुसता ब्रश फिरवून 'वॉश केला' म्हणणारेही आहेत, तेव्हा पत्रे काढून धुणार का, हे विचारा. दुकानात मायक्रोस्कोप दिसला तर मला जरा धीर येतो. तपासणीसाठी पासवर्ड मागितला तर समोर बसून स्वतः टाका. आणि एकदा उघडलेला फोन पूर्वीसारखा जलरोधक उरत नाही, मग फोनच्या खोक्यावर आयपी६८ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन छापलेलं का असेना. तसंही ते मानांकन गोड्या पाण्याच्या चाचणीचं असतं.

विमा असेल तर मात्र कारागिराला हात लावू देण्याआधी विमा कंपनीला फोन करा. बाहेर उघडलेल्या फोनचा दावा अडकू शकतो. फक्त स्क्रीनचं संरक्षण घेतलं असेल, तर पाण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

दरम्यान सिम काढून, पुसून, घरातल्या जुन्या फोनमध्ये घाला. बँकेचे ओटीपी थांबत नाहीत. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम असेल तर हे जमत नाही, सिमच्या कंपनीकडूनच ते दुसऱ्या फोनवर घ्यावं लागतं.

माझ्या फोनमध्ये आईच्या पंचाहत्तरीचे फोटो होते, बॅकअप अर्थातच नव्हता. म्हणून मी कारागिराकडे गेलो. त्याने बोर्ड धुऊन फोन सुरू केला आणि म्हणाला, "दादा, आधी फोटो काढून घ्या, बाकीचं नंतर बघू." त्याच्याच काउंटरवर तासभर बसून काढले. चौथ्या दिवशी फोन पुन्हा बंद पडला, तो कायमचाच.