एन. ए. (बिगरशेती) प्लॉटवर घर बांधून राहिल्यावरचा अनुभव: सगळं पाहा, पण रस्त्याची पातळी आधी पाहा

वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत, पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेला लेआउट. प्लॉट 2022 मध्ये घेतला, घर बांधून 2024 च्या दिवाळीआधी राहायला आलो. गेट, क्लबहाऊस, दिव्यांचे खांब हे सगळं जाहिरातीत असतं तसंच आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. लिहायला बसले ते पाण्यामुळे. 2025 ला मान्सून 26 मे रोजीच पुण्यात पोचला आणि त्याच सुमारास रस्त्यावरचं पाणी आमच्या गेटातून आत आलं. तेही उंचावरचा म्हणून मुद्दाम निवडलेल्या प्लॉटमध्ये.

ती निवड मला आजही बरोबर वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल. तेव्हा शिल्लक प्लॉटांत बागेलगतचा एक कोपऱ्याचा होता, पूर्वमुखी आणि वर गोमुखी, म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद, जो वास्तूला शुभ मानतात. सासूबाईंच्या मनात तोच भरला होता आणि साइट ऑफिसवालेही तोच पुढे करत होते. पण तो उताराच्या तळाशी होता. गाव नकाशात तिथून ओढा जातो, जागेवर मात्र ओढ्याच्या जागी दोन पाइप आणि वर रस्ता. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा पुण्यात कसा घरांत शिरला हे आमच्या नात्यातल्या लोकांनी अरण्येश्वर भागात भोगलंय. ओढा पाइपात घातला म्हणून पावसाचं पाणी कमी होत नाही, हे सासूबाईंना पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. आम्ही वरच्या रांगेतला पश्चिममुखी प्लॉट घेतला. पश्चिमेला पडदे लावता येतात, तळाचा प्लॉट वर उचलता येत नाही.

दुसरं कारण मातीचं. आपल्याकडे उतारावर वर जावं तशी काळी माती पातळ होत जाते आणि मुरूम लवकर लागतो. ओढ्याकडे काळीचा थर जाड. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिच्यावर टेकलेलं बांधकाम तडकतं. त्यामुळे बयाणा देण्याआधी जेसीबीने खड्डा घेऊन बघायचा आग्रह धरला. ऑफिसवाले नाराज झाले, पण शेवटी हो म्हणाले. आमच्या प्लॉटवर तीन फुटांवर मुरूम लागला. कोपऱ्याच्या प्लॉटवर सात फुटांनंतरही काळीच निघत होती. प्रत्येक कॉलमचा खड्डा निदान चार फूट आणखी खोल म्हणजे तेवढी खोदाई, तेवढं काँक्रीट, तेवढी सळई. त्यात सखल प्लॉटला भराव आलाच. भराव ब्रासवर मोजतात, 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. 1500 चौरस फुटांचा प्लॉट तीन फूट उचलायचा तर 45 ब्रास, आणि पाणी मारून, रोलर फिरवून तो दबतो तेव्हा प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त मुरूम टाकावा लागतो. दरफलकावर दोन्ही प्लॉटांचा भाव सारखाच होता. खरी किंमत जमिनीखाली होती.

कागदपत्रांचं थोडक्यात: स्वतंत्र सातबारा, अंतिम लेआउटची मंजुरी, महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी आणि हद्द कायम मोजणीची क प्रत (भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा), एवढं हातात आल्यावरच खरेदीखत केलं. त्यात काही त्रास झाला नाही.

आता रस्त्याचं. घर बांधताना मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने पातळी काढली होती. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक रस्त्याच्या मध्यावर, दुसरं आमच्या गेटच्या खांबाशी. तेव्हा गेटची जमीन रस्त्यापेक्षा नऊ इंच वर होती आणि तशी खूण पेन्सिलने खांबावर केलेली होती. एप्रिल 2025 मध्ये डेव्हलपरने रस्ते काँक्रीटचे केले. जुनं डांबर खरवडून काढायला हवं होतं. ते तसंच ठेवून त्यावर खडीचा थर आणि वर काँक्रीट ओतलं. कडेची गटारं जुन्याच पातळीवर राहिली, काही ठिकाणी त्यांची तोंडंच बुजली. काम संपल्यावर मिस्त्रींना बोलावून नळी पुन्हा लावली. रस्ता त्या खुणेच्या वर गेला होता आणि आमचं गेट रस्त्यापेक्षा चार बोटं खाली.

घरात पाणी आलं नाही, कारण जोतं चांगलं उंच आहे. पण पोर्च भरला आणि गढूळ पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरलं. त्या टाकीत आदल्याच दिवशी विकत घेतलेला टँकर रिकामा केला होता. पैसे मोजून घेतलेलं पाणी पंप लावून बाहेर फेकावं लागलं, याचा राग मला अजून आहे.

टँकर का घ्यावा लागतो, तेही सांगायला हवं, कारण इथे माझं मत थोडं बदललंय. आमचं बोअर मार्चमध्ये आटलं. खालच्या रांगेतल्या बोअरना मे महिन्यातही पाणी होतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते मुरमात आणि फटींत, आणि ते सरकत ओढ्याकडे जातं. पाया स्वस्तात झाला तो ज्या मुरमामुळे, त्यातूनच पाणी निघून जातं. आज कुणी विचारलं तर मी अगदी माथ्याचा प्लॉट सुचवणार नाही. मधली रांग बघा, आणि आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की त्याची विहीर कुठल्या महिन्यात तळ दाखवते. ग्रामपंचायतीचं पाणी येणार, हे वाक्य आम्ही प्लॉट घेताना ऐकलं होतं. अजून नळ आलेला नाही.

साइट ऑफिसात गेलो तर पहिलं उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही भराव जास्त घ्यायला हवा होता." आम्ही भराव घेतला त्या वेळच्या रस्त्याला धरून. रस्ता नंतर त्यांनी उचलला. तोंडी बोलणं तिथेच थांबवून सात-आठ घरांनी मिळून पत्र दिलं, सोबत खांबावरच्या खुणेचे फोटो आणि मंजूर लेआउटची प्रत. रेरा कायद्याच्या कलम 14 च्या पोटकलम 3 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जात किंवा सेवासुविधांत दोष दाखवून दिला तर तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करणं प्रवर्तकावर, म्हणजे डेव्हलपरवर, बंधनकारक आहे. हे कलम पत्रात लिहिल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा इंजिनिअर लेव्हल मशीन घेऊन हजर. त्याने प्रामाणिकपणे मान्य केलं की रस्त्याचा उतार गटाराकडे नसून आमच्याकडे झालाय. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. जुलैत आमच्या गेटसमोर आडवी चर खोदून वर लोखंडी जाळी टाकली आणि ती चेंबरला जोडली. त्यानंतरच्या पावसात पोर्च कोरडा राहिला.

खालच्या रांगेचं काम मात्र झालेलं नाही. तिथे दोन घरांच्या कंपाउंडला पाणी तुंबतं आणि एकाच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय. कोपऱ्याचा तो पूर्वमुखी प्लॉट ज्यांनी घेतला, त्यांचा भराव अजून चालू आहे. चांगली माणसं आहेत, निवृत्तीचे पैसे घातलेत. त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटतं.

नवीन घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं: करारनाम्यात प्लॉटसमोरच्या रस्त्याची अंतिम पातळी लिहून मागा, गटाराच्या तळाच्या पातळीसकट. ड्रॉइंगमध्ये ती असतेच, फक्त मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि आमच्यासारखे जे आधीच राहायला आलेत त्यांनी रस्ते-गटारं सोसायटीकडे हस्तांतरित करून घेण्याची घाई करू नये. आमच्याकडे तो कागद सहीसाठी फिरतोय. खालच्या रांगेची गटारं टँकरने पाणी सोडून आमच्यासमोर वाहती करून दाखवा, मग सही, असं आम्ही लेखी कळवलंय.