आर्मीच्या लिलावातला ट्रक घेऊन कॅम्पर बनवताय? पैसे देण्याआधी हे वाचा

ज्यांना आर्मीतून निघालेला ट्रक घेऊन त्याचं फिरतं घर बनवायचंय त्यांनी हे पूर्ण वाचा, लांब झालंय पण वाचा. आमचे साडेसोळा लाख गेलेत आणि ट्रक आज कायद्याने एक फूटसुद्धा रस्त्यावर चालवता येत नाही. ज्याने गंडवलं त्याचं नाव इथे टाकत नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी नको सांगितलंय, पण कसं गंडवलं ते सगळं लिहितो कारण हीच पद्धत घेऊन तो नाहीतर त्याच्यासारखा दुसरा कोणीतरी उद्या तुमच्यासमोर उभा राहणार.

आम्ही भांडुपला राहतो. व्हीआरएस घेतल्यावर मी आणि मिसेसने ठरवलं होतं की स्पिती, कच्छचं रण, जमलं तर पार अरुणाचल, हे सगळं स्वतःच्या गाडीत राहून करायचं. हॉटेल शोधायचं नाही, जनरेटरचा आवाज नाही, वर सोलर, आत बॅटरी, तीनशे लिटर पाणी, छोटं किचन, टॉयलेट. त्यासाठी मिल्ट्रीचा ट्रक का तर फोर बाय फोर असतो, उंच असतो, मशिनरी साधी असते. जुना शक्तिमान आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिलेला आहे, जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनायचा, १९९६ ला तो बंद झाला. त्यानंतरचे म्हणजे अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा अडीच टनी. स्टॅलियन कच्च्या रस्त्यावर पाच टन आणि पक्क्या रस्त्यावर साडेसात टन माल नेणारा, दोघांसाठी फारच मोठा, म्हणून आम्ही टाटाचा तोच अडीच टनी, एलपीटीए ७१३, बघायला लागलो.

माझा मेहुणा ईएमईमधून, म्हणजे आर्मीच्या गाड्या आणि मशिनरी रिपेअर करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून रिटायर झालाय, त्याने आयुष्यभर याच गाड्या रिपेअर केल्यात. पनवेल बाजूच्या एका यार्डात एका एजंटमार्फत ट्रक मिळाला तेव्हा तो स्वतः खाली झोपून बघून आला. इंजिन, क्लच, ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल, सगळं चालू. टायरवरच्या तारखेचे चार आकडेसुद्धा त्याने वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, टायर खरंच बरे होते. आणि हेच सगळ्यांना सांगायचंय की यात जे डोळ्याला दिसतं, हाताला लागतं ते सगळं त्या एजंटने व्यवस्थित ठेवलं होतं. नकली होतं ते फक्त झाकलेलं. रंगाखाली, पत्र्याच्या आत, स्टिकरखाली, कव्हरखाली. पूर्ण धंदाच त्याच्यावर उभा आहे.

आता कागदाचं, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आर्मीची गाडी आर्मीत असताना आपल्या आरटीओत नसते, तिचा नंबर वेगळा असतो, वर टोक असलेला बाण आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. ती सिव्हिलमध्ये आणायची तर आरटीओला फॉर्म २१ लागतो म्हणजे सेल सर्टिफिकेट. शोरूमच्या गाडीला हाच फॉर्म डीलर देतो, लिलावाच्या आर्मी गाडीला डिफेन्सचा अधिकारी सही करून देतो, त्याच्यावर चेसिस नंबर इंजिन नंबर असतो आणि आरटीओला ओरिजिनलच लागतो, झेरॉक्स चालत नाही. आमच्या एजंटने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाचे प्रिंटआउट, डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स, पैसे भरल्याची पावती असा जाडजूड फोल्डर दाखवला. मी फॉर्म २१ विचारला तर बोलला, "काका, ओरिजिनल आरटीओच्या माणसाकडे फाईलला लावलाय, पासिंगचं काम माझ्याकडे, तुम्ही टेन्शन घेऊ नका," आणि कलर झेरॉक्स हातात दिली. शिक्का, सही, नंबर सगळं जागच्या जागी. ट्रकचे साडेपाच लाख गेले, आणि त्याच्याच ओळखीचा फॅब्रिकेटर कॅम्पर बनवून देणार असं ठरलं, कोटेशन सोळा लाखाचं, हप्त्या हप्त्याने.

काम चालू झाल्यावर पासिंगचा विषय काढला की उत्तर एकच, गाडी पूर्ण तयार होऊ दे मग एकदाच दाखवू. हे ऐकायला बरोबर वाटतं पण उलटं आहे. आधी ट्रक ट्रक म्हणून रजिस्टर होतो, त्याच्यानंतर बदल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्याच्यावर निकाल दिलाय. मोटर कॅरॅव्हॅनसाठी म्हणजे अशा कॅम्परसाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानक आहे. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन टुरिझम धोरण २०२१ मध्ये आलं, एजंट त्याचं नाव घेऊन सांगायचा की आता सरकारच कॅम्परला प्रोत्साहन देतंय, परमिशनची गरज नाही. प्रोत्साहन वेगळं आणि रजिस्ट्रेशन वेगळं.

शेवटी मी आमच्या सोसायटीतल्या एका रिटायर्ड मोटार वाहन निरीक्षक काकांना यार्डात घेऊन गेलो. त्यांनी झेरॉक्सवरचा नंबर बघितला आणि चेसिसच्या लांब पट्टीवर पुढच्या चाकाच्या मागे जिथे नंबर पंच केलेला असतो तिथे गेले. पूर्ण चेसिसला नवा हिरवा रंग होता, एकदम आर्मीचा. काकांनी पहिला प्रश्न विचारला की हा रंग कोणी दिला, कारण ऑलिव्ह ग्रीन रंग डिफेन्सशिवाय कोणाच्याही गाडीला लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसा नियमच आहे, पासिंगला गाडी आणताना लोक उलट तो काढून आणतात. मग एका फडक्यावर थिनर ओतून त्यांनी नंबरची जागा पुसायला घेतली. हिरवा रंग निघाला, खाली राखाडी पुट्टी निघाली, पुट्टीखाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे. नंबरचे पहिले काही आकडे एका खोलीचे, सरळ रेषेत, आणि शेवटचे आकडे उथळ, एक तर अर्धा वाकडा. काकांनी त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ती छाप माझ्या हातात दिली, बोलले, "हे घेऊन आरटीओत जाऊ नका, आधी पोलिस स्टेशनला जा."

नंतर समजलं की लिलावाच्या त्या लॉटमधले ट्रक स्क्रॅप म्हणून विकले गेले होते, तोडायला, चालवायला नाही. लिलावाच्या यादीत हे लिहिलेलं असतं आणि तो लॉटचा कागद फोल्डरमध्ये नव्हताच. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन राहत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्याव्या लागतात, डिफेन्सच्या ऑपरेशनल कामाच्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे. एजंट ही सूट सांगून सगळं आर्मीचं वाहन परत रजिस्टर होतं असं पटवायचा. ती सूट गाडी आर्मीत असतानाची आहे, तुमच्या आमच्या हातात आल्यानंतरची नाही. आमच्या ट्रकची केबिन एका गाडीची आणि चेसिस दुसरीची. मेहुण्याला फार लागलं ते, तो बोलला आमच्यात गाडी कंडम झाली की झाली, तिला असं रंगवून लोकांच्या गळ्यात मारणं म्हणजे युनिफॉर्मची बदनामी आहे.

हे झाल्यावर आम्ही बाकीचं उघडून बघायला लागलो. तोपर्यंत फॅब्रिकेशनचे अकरा लाख गेलेले. भिंतींना ६० एमएमचं पफ पॅनल ठरलं होतं, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं, कोल्ड स्टोरेजला वापरतात ते, कारण स्पितीत थंडी आणि इकडे मे महिना दोन्ही झेपायला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरने मागच्या भिंतीत खिडकीच्या मापाने जिगसॉ घातला आणि आतून पांढरे दाणे भुरभुर बाहेर यायला लागले. पफ पिवळसर असतं, घट्ट, पत्र्याला चिकटलेलं. हा थर्माकोल होता, तोही तुकडे जोडून भरलेला, कोपऱ्यात तर नुसती पोकळी. मला व्हॉट्सॲपवर जे पॅनलचे फोटो यायचे, "माल आला साहेब, पुढचा हप्ता टाका", ते दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे होते. नीट बघितलं तर मागची भिंत आणि फरशी आमच्या शेडची नव्हतीच.

सोलरचं तर टेपने कळलं. ५४० वॉटची तीन पॅनल, तसं प्रत्येकाच्या मागे स्टिकरही होतं. ५४० वॉटचं पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूटच्या आसपास रुंद असतं. आमची निघाली साडेसहा फुटाच्याही आत आणि सव्वातीन फूट रुंद, हे माप ३३० वॉटवाल्या जुन्या पॅनलचं. म्हणजे सोळाशे वॉट सांगून हजाराच्या आत. मुंबईच्या पावसाळ्यात आधीच सोलर निम्म्यावर येतं, त्यात हे, फ्रिजसुद्धा चालला नसता.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, २८० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेचे आठ सेल, म्हणजे २४ व्होल्टची सिस्टिम आणि हिशोबाने सात युनिटच्या वर साठा. पेटी स्क्रू लावून सील, वर "उघडल्यास वॉरंटी रद्द". मी आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काम केलंय, फुल चार्ज करून हजार वॉटचा हीटर लावला, सहा तास तरी चालायला हवा होता, तीन तासाच्या आत इन्व्हर्टर बंद. पेटी उघडली तर सेलवर नवीन निळी प्लास्टिकची पिशवी चढवलेली आणि प्रत्येक सेलवर जो क्यूआर कोड असतो तो घासून काढलेला. वापरलेले सेल, कुठल्यातरी जुन्या बॅटरी पॅकमधून काढलेले. कोणालाही सेल घेताना पेटी न उघडता घेऊ देऊ नका, वॉरंटीच्या स्टिकरची भीती दाखवतात ती त्याचसाठी.

पाण्याची टाकी ३०४ ग्रेडच्या स्टीलची सांगून २०२ ग्रेडची, म्हणजे हलक्या आणि लवकर गंजणाऱ्या स्टीलची. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही. कुर्ल्याचे भंगारवाले छोट्या बाटलीतलं केमिकल आणि बॅटरी घेऊन टेस्ट करतात, थेंब लालसर झाला की २०२. आमचा झाला. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते स्टील वेल्डिंगपासून गंजायला लागतं.

पण जीवाला धोका होता तो बॉक्स बसवण्यात, आणि हे मला सगळ्यात जास्त तळमळून सांगायचंय. मिल्ट्रीच्या ट्रकची चेसिस मुद्दाम पिळ घेणारी असते, एक चाक दगडावर चढलं की दोन्ही पट्ट्या उलट्या दिशेला वळतात, म्हणूनच चारी चाकं जमिनीला धरून राहतात. वरचा घराचा बॉक्स मात्र ताठ. म्हणून मध्ये वेगळी सबफ्रेम लागते, तीन पॉइंटवर झुलणारी किंवा स्प्रिंगवर बसणारी, म्हणजे खालचा पिळ वर जात नाही. कोटेशनमध्ये सबफ्रेमचे एक लाख ऐंशी हजार लावलेले. प्रत्यक्षात बॉक्सची अँगल सरळ चेसिसला वेल्ड केलेली, वर काळी अंडरकोटिंग मारून झाकलेली. यार्डातल्या खड्ड्यांवरून ट्रक थोडाफार हलवला तेवढ्यात दोन वेल्डना बारीक तडे गेलेले होते. स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीच्या रस्त्यावर त्या बॉक्समध्ये मिसेस झोपलेली असती हा विचार आला की आजही छातीत धस्स होतं.

एफआयआर झालाय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, शिवाय खोट्या कागदाची कलमं. ट्रक पोलिसांच्या ताब्यात. एजंट म्हणतो मी फक्त मध्यस्थ, फॅब्रिकेटर म्हणतो मला एजंटने जेवढे दिले तेवढ्याचं काम केलं. "बिल नको, जीएसटी वाचेल" असं ते दोघंही सारखं सांगायचे आणि आता कळतं ते कशासाठी. आम्ही बहुतेक रक्कम बँकेतून पाठवली होती आणि कोटेशन व्हॉट्सॲपवर होतं, आज त्याच्यावरच केस उभी आहे. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, कोर्टात चॅट दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, वकील करून देतात.

आणि ज्यांचं ऑलरेडी असं झालंय त्यांच्यासाठी, पोलिसांत काय होतंय याची वाट बघत बसू नका, जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची केस तिथेच चालते, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. १९१५ वर फोन केला की माहिती मिळते. आमची तक्रार दाखल झालीय, समोरच्याला नोटीस गेलीय, आणि त्याच यार्डातून ट्रक घेतलेली दोन कुटुंबं, एक ठाण्याचं आणि एक नाशिकचं, आता आमच्यासोबत जबाब द्यायला तयार झालीत. अजून कोणी असेल तर आपल्या चेसिस नंबरची पेन्सिलने छाप काढून ठेवा आणि ट्रक त्यांच्या यार्डात परत अजिबात पाठवू नका, रिपेअर करून देतो म्हणून बोलावतात आणि पुरावा ग्राइंडरखाली जातो.