आहार-संशोधनाकडे वळणारा डॉक्टर: हैदराबाद, पुणे की गडचिरोली?

इंटर्नशिप संपत आली की एखादी मुलगी घरी सांगते, "मला कुपोषणावर संशोधन करायचंय." लगेच प्रश्न येतो, "म्हणजे पेशंट तपासणार नाहीस का?" याचं उत्तर ती कुठली वाट धरते त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी या विषयात तीन अगदी वेगळ्या ठिकाणी राहून मोठं काम केलं. निवड करताना ती ठिकाणं शेजारी ठेवून बघावीत. डिग्रीचं नंतर ठरवता येतं.

पहिली वाट सरकारी संशोधन संस्थेची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मूळ १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाच्या अभ्यासात आहे. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि पुढे डॉ. सी. गोपालन तिचे संचालक झाले. भारतीय मुलांना प्रथिनं कमी पडतात म्हणून खास प्रथिनयुक्त पदार्थ द्या, असा जगभर सूर होता. हैदराबादच्या अभ्यासातून दिसलं की घरचं नेहमीचं वरण-भात-भाकरीसारखं अन्न पोटभर मिळालं, तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातच भागते. खरी तूट उष्मांकांची होती. दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तोही याच संस्थेच्या कामावरून. इथे पगार, प्रयोगशाळा आणि धोरण ठरवणाऱ्यांशी थेट संबंध मिळतो. त्या बदल्यात सरकारी कामाची चौकट स्वीकारावी लागते, आणि प्रश्न दरवेळी तुमच्याच मनातला असेल असं नाही.

पुण्याची वाट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक मेडिसिनचे, मधुमेहाचे डॉक्टर. पुण्याच्या केईएम रुग्णालयात पेशंट बघता बघता त्यांना खटकलं की आपल्याकडे अंगाने बारीक माणसांनाही मधुमेह होतो. उत्तर शोधताना ते थेट गर्भापर्यंत मागे गेले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. मात्र आपल्या बाळाचे स्नायू जितके कमी भरले, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने बरी निघाली. पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर कळलं, की गरोदरपणात आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर मुलात इन्शुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी स्थिती, वाढलेली दिसते. एवढं कळायला इतकी वर्षं थांबावं लागलं. म्हणून ही वाट धरायची तर आधी मेडिसिन किंवा बालरोगात एमडी करा, ओपीडी सोडू नका, आणि निधी मिळवण्याची दगदग आयुष्यभराची आहे हे मान्य करा.

गडचिरोलीत प्रश्न वेगळा होता: मूल मरतं कशाने, आणि ते वाचवणार कोण? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघंही एमडी झाल्यावर जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, मग परत येऊन 'सर्च' ही संस्था उभी केली. न्यूमोनिया, कमी वजनाची बाळं, जंतुसंसर्ग हे सगळं गावातल्याच शिकवलेल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन सांभाळलं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०११ पासून देशभर आशा सेविका अशा घरभेटी देऊ लागल्या. नुसतं गावात जाऊन राहण्याने हे झालं नसतं. तुलनेची गावं आधीच निवडलेली होती, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होती. संशोधनाचं शिक्षण न घेता तळमळीवर थेट गावात उतरणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते ती यामुळेच.

पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या, एमडीला "काही मिळालं नाही म्हणून घेतलं" असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. संस्थेत किंवा धोरणात काम करायचं असेल तर तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम थेट उपयोगाचा आहे. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही होतं. माझ्या मते ते एमडीनंतर किंवा दोन-तीन वर्षं काम करून केलेलं जास्त पचतं, कारण तोवर हातात स्वतःचा प्रश्न असतो.

काम मात्र भरपूर पडलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अजून ठरत नसेल तर ग्रामीण पोस्टिंगमध्ये अंगणवाडीच्या पोषण दिवसाला जाऊन बसा, मुलांची वजनं स्वतः घ्या. एकेका मुलाचं रक्त तपासावंसं वाटलं तर पुण्याची वाट बघा. सेविकेला काय शिकवता येईल हे सुचत राहिलं तर गडचिरोलीची. आणि डोळा राज्यभराच्या तक्त्यावर गेला, तर पीएसएमचा फॉर्म बिनदिक्कत भरा.